कोसमटोल्याला रस्ता का नाही

बायको, सुग्रता, जाऊन दोन महिने झाले होते. एवढ्या दिवसांत फागूलाल पेज शिजवायला शिकला होता, पण मीठ कधी दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. शेजारची म्हणाली होती, "भाऊ, मी डबा पाठवत जाईन." तो नको म्हणाला. डबा आला की आणणाऱ्याशी दोन शब्द बोलावे लागतात. त्याला बोलायचं नव्हतं.

चैतातल्या एका सकाळी सरपंच टेकेश्वर तुरकर दारात येऊन उभा राहिला.

"काका, अंगात सदरा घाला आणि चला. बोपचे मास्तर आलेत."

"कोण बोपचे?"

"कॉलेजात प्राचार्य होते ते. जिल्ह्याचा इतिहास छापून निघतोय. त्यातलं रस्ते आणि रेल्वेचं प्रकरण त्यांच्याकडे आहे. गावोगाव फिरून जुन्या माणसांना विचारतायत."

"मी चावीवाला होतो, टेकेश्वर. मी कसला इतिहास सांगणार?"

"अहो, स्टेशनमास्तर गेले, गार्ड गेले, मुकादम गेला. रेल्वेतले तुम्हीच उरलात. आता तुम्हीच जनरल मॅनेजर."

फागूलाल हसला नाही, पण उठला. सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं होतं. ते दोन महिन्यांपासून तुटलेलंच होतं.

हॉल्टवर शाळेतल्या पाच-सहा खुर्च्या आणून मांडल्या होत्या. हॉल्ट म्हणजे एक पत्र्याची शेड आणि वीतभर उंच फलाट. रूळ नव्हते. बडी लाईन, रुंद रुळांची, येणार म्हणून छोटी लाईन बंद झाली, रूळ निघाले, पुलांवरचे लोखंडी गर्डर निघाले, त्याला चौथं वर्ष चाललं होतं. गिट्टी तेवढी उरली होती आणि तिच्यात तरोटा उगवला होता. गाडी गेल्यापासून कोसमटोल्यातून बाहेर पडायला दोनच वाटा होत्या. एक हा भराव. त्यावरून अकरा किलोमीटर चालत गेलं की तहसिलीचं गाव. पूल उघडे पडल्यामुळे मोटारसायकलसुद्धा त्यावरून जात नव्हती. दुसरी वाट जंगलातली, तीन किलोमीटरची, ती जामखारीला निघायची. जामखारीला डांबरी सडक होती, बस होती, दवाखान्याची गाडी यायची. पण कोसमटोल्याचा माणूस जामखारीला पाय ठेवत नव्हता. अडतीस वर्षं ठेवला नव्हता.

बोपचे मास्तर सत्तरीचे, स्वच्छ कपड्यांचे, हळू बोलणारे होते. मांडीवर वही होती. त्यांनी फागूलालला शेजारी बसवलं.

"किती वर्षं नोकरी?"

"चौतीस."

"काम काय असायचं?"

"रूळ स्लीपरला धरून ठेवायला लोखंडी चाव्या असतात. गाडी गेली की त्या हादऱ्यानं ढिल्या होतात. रोज पहाटे निघायचं, सहा किलोमीटर जायचं, ढिली चावी दिसली की हातोडा घालायचा. दुसऱ्या अंगानं तसंच परत यायचं."

"रोज?"

"रोज. गाडी रोज जायची ना."

मास्तरांनी लिहून घेतलं. "आणि हा भराव कोणी घातला? काही ऐकलं होतं?"

"माझ्या आज्याच्या बापानं. त्यानं म्हणजे सगळ्याच गावानं. दुष्काळ पडला होता. दिवसभर माती टाकली की शेरभर कोदो मिळायचा. माझा आजा सांगायचा, त्याची थोरली बहीण पाटी डोक्यावर घेऊनच खाली बसली ती उठली नाही. लाईनीच्या सातव्या मैलाच्या दगडाजवळ. मुकादमानं विचारलं म्हणे, पाटी रिकामी केली होती का?"

मास्तरांनी हेही लिहून घेतलं. मग पिशवीतून एक जुना कागद काढून चष्मा नीट केला.

"आता मला एक कोडं सोडवून द्या. बांधकाम खात्याच्या जुन्या यादीत या भागातली डांबरी सडक मला कोसमटोल्यावरून दिसते. मंजूर झालेली. मोजणी सुरू झाल्याची नोंदही आहे. आणि दोन वर्षांनी बांधली गेली ती जामखारीवरून. हे झालं कसं?"

शेडमधले दहा-बारा जण एकदम हलले. घनारामनं तंबाखू थुंकून तोंड मोकळं केलं. तो गावातला सगळ्यांत मोठा बोलका, पंचाहत्तरीला आलेला. या प्रश्नासाठीच तो सकाळपासून बसून होता.

"कोडं कसलं त्यात, मास्तर! सडक चोरीला गेली. तुम्ही गाय चोरलेली ऐकली असेल, धान चोरलेलं ऐकलं असेल. आमची अख्खी सडक चोरली. आता चोराचं नाव लिहा. डुलीचंद शरणागत, मुक्काम जामखारी. नीट लिहा, ठळक लिहा."

"हा कोण?"

"मोजणीवाल्या ओव्हरसियरच्या हाताखाली साखळी ओढायला होता. साखळी ओढायची आणि खुंट्या ठोकायच्या, हे त्याचं काम. सागाच्या खुंट्या, वर लाल रंग, त्यावर आकडा. नदीपासून या गावापर्यंत खुंट्या ठोकून झाल्या होत्या. आम्ही पाहायला जायचो. पोरं मोजायची. आणि एक दिवस सकाळी बघतो तर काय, गावाकडच्या सगळ्या खुंट्या गायब. भोकं तेवढी राहिली. ओव्हरसियर तापला. पावसाळा तोंडावर. म्हणाला, या गावाला सडक नको दिसते. आणि साखळी घेऊन गेला सरळ जामखारीला. आता सांगा, खुंट्या कोणी नेल्या असतील? ज्याच्या गावाला सडक मिळाली त्यानं. उघड दिसतंय."

"पकडलं होतं का त्याला?"

"पकडायचं काय? ओव्हरसियरनं त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं. त्यालाही तेच वाटलं असणार. आमच्या पंचांनी ठरवलं, जामखारीचं पाणी बंद. बेटीव्यवहार बंद. आणि डुलीचंदनं आमच्या शिवेच्या आत यायचं नाही." घनारामनं फागूलालच्या खांद्यावर हात ठेवला. "यात खरा जीव कोणाचा जळला असेल तर ह्याचा. डुलीचंद ह्याचा सख्खा साळा. पण मास्तर, ह्या माणसानं एका शब्दानं साळ्याची बाजू घेतली नाही. बायकोला अडतीस वर्षं माहेरी पाठवलं नाही. तीजाच्या सणाला सुद्धा नाही! हाकेच्या अंतरावर माहेर, आणि तीजाच्या दिवशी बाई इथंच उपाशी बसायची. गावाशी इमान म्हणतात ते ह्याला."

मास्तरांनी फागूलालकडे आदरानं पाहिलं. घनारामचा हात खांद्यावर तसाच होता. फागूलालला तो हात जड वाटायला लागला.

त्या वर्षी डुलीचंद वीस-बावीसचा होता. मोजणीची माणसं गावाजवळ आली तेव्हा तो रात्री बहिणीकडे जेवायला यायचा. जेवताना सांगायचा, ताई, तुझ्या दारावरून नेतो बघ सडक, मी स्वतः खुंटी ठोकतो, मग मोटारीनं येईन तीजाला तुला न्यायला. एकदा त्यानं एक खुंटी दाखवायला आणली होती. सुग्रतानं ती हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली होती आणि लाल रंग बोटाला लागतो का ते बघितलं होतं.

फागूलालला नोकरी लागून चारच वर्षं झाली होती. गँगचा मुकादम त्याला म्हणाला, "सडक आली की बस येते. बस आली की तिकिटं खपत नाहीत. तिकिटं खपली नाहीत की हॉल्ट बंद. हॉल्ट बंद की गँग कमी. आणि गँग कमी करायची झाली तर घरी पहिला कोण जाईल? शेवटी लागलेला. तू." हे मुकादम चार दिवस रोज म्हणत होता. पाचव्या दिवशी पहाटे फागूलाल नेहमीसारखा हातोडा आणि झोळी घेऊन निघाला. भरावाखालून खुंट्यांची रांग जात होती. त्याचा हात चाव्यांवर बसलेला. डावीकडून एक ठोका, उजवीकडून एक, की खुंटी हातात. उजाडेपर्यंत सत्तावीस झाल्या. झोळी घरी आणून चुलीमागं ठेवली.

सुग्रता पेज शिजवायला बसली होती. तिनं झोळीत हात घातला. एक बाहेर काढली. लाल रंग पाहिला. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"हे काय केलंत?"

"नोकरी राहू दे म्हणून."

मग तिनं ती खुंटी चुलीत घातली. दुसरी घातली. सत्तावीसच्या सत्तावीस त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जळल्या, आणि ती पेज फागूलाल प्याला. डुलीचंदवर आळ येईल हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. आला तेव्हा पंच बसलेले होते, सगळं गाव पेटलेलं होतं आणि नोकरी चार वर्षांचीच होती. तो गप्प राहिला. मग आणखी एक वर्ष गप्प राहिला. पुढं गप्प राहणं सोपं होत गेलं.

बसनं गाडी नेली नाही. मोठ्या गाडीनं छोटी गाडी नेली. तोपर्यंत फागूलाल निवृत्तही झाला होता.

"मास्तर," फागूलाल म्हणाला, "ते नाव लिहू नका. खुंट्या मी उपटल्या."

घनारामचा हात खांद्यावरून निघाला.

"काय?"

"मी उपटल्या. हातोड्यानं. पहाटे कामावर जाताना. सत्तावीस होत्या. सडक आली तर गाडी बंद होईल, नोकरी जाईल, असं गँगचा मुकादम म्हणायचा, म्हणून. डुलीचंदला काही माहीत नव्हतं. पंच बसले तेव्हा मी तिथंच होतो. बोललो नाही."

त्याला वाटलं होतं, कोणीतरी अंगावर येईल. घनारामची मुलगी बाळंतपणात याच भरावावरून नेताना गेली होती. समोर बसलेल्या भाऊलालचा बाप साप चावून, दवाखाना गाठायच्या आत गेला होता. निदान कोणी थुंकेल. तो वाट पाहत बसला.

टेकेश्वरनं डोळे पुसले.

"काका," तो म्हणाला, "काकूनं जाताना वचन घेतलं ना तुमच्याकडून?"

"कसलं वचन?"

"भावाचं नाव मोकळं करा म्हणून."

"तिनं काही म्हटलं नाही. मी खरं सांगतोय."

"अरे बाबा," घनाराम हळू आवाजात म्हणाला, जसं आजाऱ्याशी बोलावं तसं, "माझा भाऊ अस्साच झाला होता, वहिनी गेल्यावर. तिचा बाप ज्या म्हशीपायी मेला ती म्हैस मीच विकली होती म्हणायचा. आमच्या घरात म्हैस कधी नव्हतीच. वर्षभरात निवळला. तूही निवळशील."

"घनाराम, मी सत्तावीस खुंट्या..."

"सत्तावीस, अठ्ठावीस, जे असेल ते. साळ्याचं पाप स्वतःच्या माथी घेतोस. बायकोच्या मायेनं घेतोस, कळतं आम्हाला. पण गावाला येड्यात काढू नकोस. चौतीस वर्षं एक चावी ढिली राहू दिली नाहीस, तो तू खुंट्या उपटणार?"

दोघं-तिघं हसले, प्रेमानं.

मास्तर मात्र हसले नव्हते. त्यांनी विचारलं, "त्या खुंट्यांचं काय केलंत?"

"जाळल्या."

"एखादी राहिली असेल?"

"नाही."

"कोणी पाहिलं होतं?"

"सुग्रतानं."

"त्या तुमच्या..."

"हो."

"आणि तो मुकादम?"

"त्याला जाऊन वीस वर्षं झाली."

मास्तरांनी पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "हे बघा, मी कोणाला दोषी ठरवत नाही. इतिहासात तसं करू नये. मी लिहीन, स्थानिक लोक याचा दोष डुलीचंद शरणागत यांना देतात. ते खरंच आहे, लोक देतात. आणि पुढं लिहीन, त्यांचे मेहुणे, रेल्वेचे एक निष्ठावंत कर्मचारी, यांनी वृद्धापकाळी हा दोष स्वतःवर घेण्याची तयारी दाखवली. फार हृद्य आठवण आहे ही. असं हल्ली ऐकायला मिळत नाही."

"लिहा, लिहा," घनाराम म्हणाला. "हेही ठळक लिहा."

फागूलाल उठला. टेकेश्वर म्हणाला, "काका, चहा येतोय." फागूलाल फलाटावरून उतरला. मागून घनारामचा आवाज येत होता, "देवमाणूस आहे. एकटा पडला, दुसरं काय."

तो घराकडे वळला नाही. शेडमागून जंगलात जाणारी पायवाट होती, ती त्यानं धरली. अडतीस वर्षांत त्या वाटेवर तो गेला नव्हता. वाट अरुंद झाली होती, मोहाचा सडा पडला होता, जामखारीच्या बाया टोपल्या घेऊन वेचत होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, पण कोणी ओळखलं नाही. एक तास लागला. तासापेक्षा कमीच.

डुलीचंदचं घर सडकेला लागून होतं. अंगणात टेम्पो उभा होता. गावात या टेम्पोवरून बोललं जायचं, बघा, चोरलेल्या सडकेवर साळा गाडी पळवतो. डुलीचंद टेम्पोचं चाक धूत होता. केस पांढरे झाले होते. कपाळ आणि नाक थेट सुग्रताचं होतं. फागूलालनं त्याला शेवटचं पाहिलं ते पंचांपुढं. सुग्रता गेली तेव्हा माहेरचं लुगडं घेऊन तो शिवेपर्यंत आला होता. कोणीतरी जाऊन त्याच्या हातातून लुगडं घेतलं होतं आणि तो तिथूनच परत गेला होता.

डुलीचंदनं मान वर केली. थोडा वेळ लागला.

"जिजा?"

"हो."

"या." त्यानं पाण्याची बादली बाजूला सारली, बाज ओढली. आत हाक मारली, "सूनबाई, पाणी आण. चहा ठेव. पाहुणे आलेत."

फागूलाल बाजेवर टेकला. पाणी आलं, ते त्यानं हातात धरून ठेवलं. "डुलीचंद, मी आज गावापुढं सांगितलं. खुंट्या मी उपटल्या होत्या."

"बरं."

"त्यांना खरं वाटलं नाही."

"नाहीच वाटणार. आता कशाला वाटेल?" डुलीचंदनं हात पुसले आणि समोर जमिनीवर बसला. "मला माहीत आहे, जिजा. पहिल्याच वर्षी कळलं होतं."

"कसं?"

"तीजाला आलो होतो ताईला न्यायला. शिवेवर अडवलं. ताई पाण्याचा पितळी गुंड डोक्यावर घेऊन आली. तुमच्या गावातली माणसं लांब उभी होती. त्यांना वाटलं, शिव्या देते आहे मला. हातवारे तसेच करत होती. तिनं सगळं सांगितलं. म्हणाली, मी आज पंचांपुढं बोलते. मी म्हणालो, बोलू नकोस. बोललीस तर नवऱ्याची नोकरी जाईल, घर मोडेल, मग तुला माहेरी आणून ठेवावं लागेल. आणि माझं तर काम गेलंच आहे, ते काही परत मिळत नाही. जा घरी म्हणालो."

"तिनं मला कधी सांगितलं नाही."

"काय सांगायचं होतं? की आम्ही दोघांनी मिळून तुम्हाला झाकलंय?" डुलीचंदचा आवाज चढला नव्हता. "मी वाट पाहिली, जिजा. पहिली पाच वर्षं रोज पाहिली. म्हटलं, माणूस आहे, येईल, बोलेल. माझ्या पोरीची सोयरीक मोडली तेव्हा वाटलं, आता तरी. पाव्हण्यांना कोणीतरी सांगितलं होतं, चोराचं घर आहे. तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"कामावर."

"हो. कामावर."

सडकेवरून बस गेली. डुलीचंदनं तिकडं पाहिलं नाही.

"ते जाऊ द्या," तो म्हणाला. "मला एकच विचारायचं होतं. दोन महिने झाले, कोणाला विचारू कळत नव्हतं. ताई कशी गेली?"

फागूलालनं पाण्याचा पेला खाली ठेवला. हे सांगायला तो आला नव्हता. पण विचारलं तर सांगणं भाग होतं.

"सकाळी छातीत दुखायला लागलं. घाम फुटला. मला आधी वाटलं, वात असेल. तेल चोळलं. मग ओठ निळे दिसायला लागले. टेकेश्वरला बोलावलं. बाजेला दोरखंड बांधले, चौघांनी उचललं. भरावावरून निघालो. गिट्टीत पाय सरकत होते. पुलाजवळ आलं की खाली उतरायचं, नाल्यातून जायचं, पुन्हा वर चढायचं. असे चार पूल. खांदे बदलत होतो. सातव्या मैलाच्या अलीकडे टेकेश्वर म्हणाला, काका, थांबवा. बघतो तर गेली होती."

"शुद्धीवर होती का?"

"होती. शेवटपर्यंत."

"काही म्हणाली?"

फागूलालनं खाली ठेवलेला पेला पुन्हा उचलला.

"जिजा, काय म्हणाली?"

"निघताना म्हणाली. अंगणात बाज उचलली तेव्हा. म्हणाली, इकडून नका नेऊ. डुलीकडून न्या. त्याची गाडी आहे."

डुलीचंदचे हात गुडघ्यांवर होते, ते तसेच राहिले. सूनबाई दारात येऊन उभी राहिली होती, ती आत गेली नाही.

"मग गावानं नाही म्हटलं," डुलीचंद म्हणाला. "जामखारीनं नको म्हणाले असतील. घनाराम म्हणाला असेल."

फागूलाल हो म्हणू शकला असता. डुलीचंदनं उत्तर तयार करून त्याच्या हातात दिलं होतं, फक्त मान हलवायची होती. आयुष्यभर त्यानं तेच केलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "टेकेश्वर स्वतः म्हणाला, काका, जामखारीनं नेऊ, आज कोण काय बोलणार आहे. घनारामही काही बोलला नाही. मी नको म्हणालो."

"तुम्ही?"

"मी म्हणालो, जंगलातल्या नाल्याला पाणी आहे. बाज जाणार नाही."

"माघात?"

"दोन दिवस आधी मावठा झाला होता."

"मावठ्यानं त्या नाल्याला पाणी येतं? ताई त्याच नाल्यात लहानाची मोठी झाली." डुलीचंद पुढं वाकला. "जिजा, माझ्या तोंडाकडे बघा. नाल्याला पाणी होतं का?"

"नव्हतं."

"मग?"

"तुझ्या दारात कसा येऊ, वाटलं. बाज ठेवून तुला काय सांगू. तू काय म्हणशील. लोकांसमोर म्हणशील. म्हटलं, अकरा किलोमीटर तर आहे, पोहोचू. मी रोज बारा चालायचो."

डुलीचंद उठून उभा राहिला. त्याला पटकन उठता आलं नाही, टेम्पोच्या फाळक्याला धरून उठला. त्यानं काही म्हटलं असतं तर फागूलालनं ऐकून घेतलं असतं. मारलं असतं तर बरंच झालं असतं. डुलीचंदनं टेम्पोकडे पाहिलं, मग सडकेकडे.

"इथून दवाखाना वीस मिनिटांवर आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी मी घरीच होतो. दिवसभर. गाडीत डिझेल होतं. मी इथंच बसलो होतो, ह्या बाजेवर."

"डुलीचंद..."

"तुम्ही नोकरीसाठी माझं नाव खाल्लंत, ते मी ताईसाठी गिळलं. मला वाटायचं, निदान ताई सुखात आहे. तेवढ्यावर मी दिवस काढले." तो वळला. "सूनबाई, चहा उतरव. पाहुणे निघाले."

फागूलाल उठला. त्याला वाटलं, पाया पडावं. साळा लहान होता, पण तरी वाटलं. तोपर्यंत डुलीचंद आत गेला होता. दारात सूनबाई उभी होती, ती नजर खाली करून बाजूला झाली आणि तिनं दार ओढून घेतलं.

परत जाताना मोह वेचणाऱ्या बाया अजून तिथंच होत्या. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "बाबा, उन्हात कुठं चाललात? थांबा, खालच्या सडकेवरून अर्ध्या तासात बस येईल."

"मला कोसमटोल्याला जायचंय," फागूलाल म्हणाला.

"हां," म्हातारी म्हणाली. "मग चालत जा. त्या गावाला सडक नाही."